सगळी उत्तरं बरोबर

“मॅडम, तुमची सगळी उत्तरं बरोबर आली,” ती मुलगी म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की आता ही मला पेन वगैरे बक्षीस देते की काय, असं वाटलं. दवाखान्यात औषधं मिळतात त्या खोलीबाहेरचं बाकडं, सकाळचे सव्वानऊ, आणि मला दहाला दुकान गाठायचं होतं. ही कुठल्याशा कॉलेजातून आलेली. टीबीच्या पेशंटांना आपल्या आजाराबद्दल काय ठाऊक असतं आणि काय वाटतं, याचा अभ्यास करतेय म्हणाली. शंभर जणांना विचारायचंय, तुम्ही एकोणचाळिसाव्या. आजार कशाने होतो? जंतूने. शाप, पाप, नजर लागणं, जागरणं या बाकीच्या पर्यायांवरून तिचं पेन नुसतंच फिरून आलं. बरा होतो का? होतो. औषध किती दिवस? सहा महिने, आणि बरं वाटायला लागलं तरी मध्येच सोडायचं नाही. लघवी नारिंगी झाली तर? घाबरायचं नाही, गोळीचा रंग आहे. पसरतो कसा? हवेतून, खोकताना, शिंकताना, बोलतानासुद्धा. एकमेकांची भांडी वापरल्याने? नाही. लहान मुलांत कसा ओळखाल? भूक मंदावते, वजन वाढत नाही, मूल मलूल होतं, खोकला असेलच असं नाही. घरात काय काळजी घ्याल? तोंडावर रुमाल, खिडक्या उघड्या, खेळती हवा. सगळं घडाघडा म्हटलं. शाळेत पहिल्या बाकावर बसायची सवय, ती कुठे जातेय! “अडतीस जणांत एकाचीही सगळी आली नव्हती,” ती म्हणाली आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. मी ‘थँक्यू’ म्हणाले. म्हणता म्हणता आठवलं, गेल्या शनिवारी संध्याकाळी मी माझ्या घराच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. कड्या घातल्या होत्या, वरून पडदे ओढले होते. आत आम्ही दोघी होतो, मी आणि माझी साडेचार वर्षांची भाची. एका पलंगावर, एका पांघरुणात, सकाळपर्यंत.

तिचे प्रश्न संपले नव्हते. उलटून मागच्या पानावर भावनांचा भाग होता. “आजार कळल्यावर तुम्हाला काय वाटलं? भीती, लाज, राग, एकटेपणा, की काहीच नाही? एकापेक्षा जास्त चालतील.” एकापेक्षा जास्त चालतील म्हणे, जसं काही जेवणाच्या थाळीत वाढून घ्यायचंय. मी म्हटलं, ‘काहीच नाही’वर खूण कर. तिने माझ्याकडे जरा पाहिलं. बिचारीला शंका आली असणार, पण सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या बाईवर शंका कशी घ्यायची? केली खूण. खरं सांगायचं तर एकटेपणाच्या चौकटीत खूण करायला हरकत नव्हती, पण मग तिने त्याचं श्रेय आजाराला दिलं असतं. एकटेपणा माझ्याकडे आधीपासून आहे. जंतू आत्ता आला, भाडेकरूसारखा. शेवटचा प्रश्न होता: “आजाराबद्दल तुम्ही कोणाकोणाला सांगितलंय?” मी म्हटलं, “मला उशीर होतोय गं,” आणि उठले. तो प्रश्न कोराच राहिला. त्याचं उत्तर चूकच आलं असतं.

कारण आज औषधाचा सतरावा दिवस, आणि पहिल्या दिवशी, बुधवारी, आतल्या नर्सनेही विचारलं होतं. ती काही अभ्यास करत नव्हती, तिला खरोखरच हवं होतं. घरात कोण कोण? कोणी नाही, मी एकटीच. जवळच्या कोणाशी रोजचा संबंध? नाही. लहान मूल वगैरे, पाचाच्या आतलं? तिने मान वर करून विचारलं होतं, कारण मुलांना आधीच गोळ्या सुरू करता येतात, आजार होऊ नये म्हणून. हेसुद्धा तिने सांगितलं होतं, नीट, समजावून. मी म्हटलं, नाही हो, माझ्याकडे कुठलं मूल! वर हसलेसुद्धा. आपण किती सहज खोटं बोलतो याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही, नंतरही वाटलं नाही, आज बाकड्यावरून उठताना वाटलं. दोन महिने खोकत होते मी. दोन महिने म्हणजे आठ शनिवार. आठही शनिवारी ती पोर माझ्या हनुवटीखाली डोकं खुपसून झोपलेली. तिचं नाक कायम चोंदलेलं असतं, तोंड उघडं टाकून झोपते, सगळा श्वास तोंडाने. हे मी नर्ससमोर आठवू दिलं नाही. मनात एक दार असतं, ते आतून लावता येतं.

दुकानात पोचेपर्यंत दहाला पाच कमी होते. चष्म्याचं दुकान. पुढे काचेची कपाटं, त्यात फ्रेमा, आणि कोपऱ्यात भिंगांच्या कडा घासायचं यंत्र घेऊन बसलेले काका. काका म्हणजे काही नात्याने काका नव्हेत. माझ्या आधी दहा वर्षांपासून इथे आहेत, एवढंच नातं. मागे माझी तपासायची खोली. बिनखिडकीची, काळ्या पडद्याची. खोली लहान म्हणून अक्षरांची पाटी माणसाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा; आरशात पाहून वाचायचं. तिथे एकवीस वर्षं मी माणसांच्या डोळ्यांत दिवा घालून पाहते आहे. त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की माझा गाल त्यांच्या गालाला लागता लागता राहतो. बरेच जण तेव्हा श्वास रोखतात. मी म्हणते, अहो श्वास घ्या, डोळे तपासतेय, विहिरीत बुडवत नाहीये. मग हसतात, आणि त्यांचं हसू माझ्या तोंडावर येतं. कोणी नुकताच चहा प्यालेला, कोणी सिगारेट, कोणाच्या पोटात अन्न नाही. इतक्या जवळ माझ्या एरवी कोणीही येत नाही. हा बरा, की हा? दिवसातून दोनशे वेळा हे विचारायचं आणि भिंग बदलायचं. माणसं गोंधळतात, दोन्ही सारखेच वाटतात म्हणतात, चुकलं तर जणू मी ओरडणार आहे. मी कधीच ओरडत नाही. तिथे मी फार चांगली असते.

आजार कळला त्याच संध्याकाळी मी मालकांना फोन केला आणि कावीळ झाली म्हणून सांगितलं. कावीळ फार सोयीचा आजार आहे. काविळीला कोणी नाकं मुरडत नाही. उलट, काय खावं नि काय खाऊ नये याची यादी सांगतात आणि ‘विश्रांती घ्या हो’ म्हणतात. टीबी म्हटलं की माणूस आधी एक पाऊल मागे जातो आणि मग सहानुभूती दाखवतो. चौदा दिवसांची रजा घेतली. कारण नर्सने सांगितलं होतं, साधारण दोन आठवडे गोळ्या नियमित पोटात गेल्या की पसरण्याची भीती जवळजवळ राहत नाही. मी कॅलेंडरवर चौदा रेघा मारल्या. पंधराव्या दिवशी, तोंडाला मास्क बांधून, परवा कामावर आले. गिऱ्हाइकांसाठी चौदाच्या चौदा दिवस पाळले मी, जी माणसं चष्मा मिळाल्यावर माझा चेहरा विसरतात त्यांच्यासाठी. आणि पोरीला मात्र अकराव्या दिवशी घरात घेतलं.

ती आमच्या धाकट्याची मुलगी. भाऊ फिरतीवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. भावजय एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलावर काम करते, शनिवारी तिची दुपारनंतरची पाळी असते आणि सुटायला उशीर होतो. दोन वर्षांपूर्वी तिने भीतभीत विचारलं होतं, “ताई, शनिवारचं तुमच्याकडे सोडलं तर चालेल का हिला? तुम्हाला त्रास होईल.” मी म्हटलं, बघू, एखाद-दोन वेळा. असं म्हणायचं असतं. प्रत्यक्षात मी त्याच दिवशी जाऊन छोटी उशी आणली. पोरीला आम्ही खारू म्हणतो, कारण बिस्किट दोन्ही हातांत धरून कुरतडते, खारीसारखी. ती आली की आधी माझे डोळे तपासते. मला खुर्चीत बसवते, चमचा माझ्या एका डोळ्यावर धरते आणि विचारते, हा बरा, की हा? मी म्हणते, दोन्ही सारखेच. ती कमरेवर हात ठेवून म्हणते, “नीट बघा. घाई करू नका.” मी दिवसभर लोकांना सांगते ते मला सांगणारी जगात ही एकटीच. रविवारी दुपारी भावजय तिला घेऊन गेली की मी तासभर काहीच आवरत नाही. चमचा खुर्चीवर तसाच असतो.

पहिला शनिवार निभावला. घरात रंगकाम काढलंय, वास आहे, पोरीला त्रास होईल, असं सांगितलं. भावजय म्हणाली, “बरं झालं काढलंत, किती दिवस म्हणत होतात.” मी कधी म्हटलं होतं कोण जाणे. तो शनिवार मी भिंतीकडे बघत काढला; रंग न दिलेल्या. पुढच्या शनिवारी तिचा फोन, ताई, रंग वाळला का, ही सकाळपासून बॅग भरून दारात बसलीय. मी कॅलेंडरकडे पाहिलं. अकरा रेघा. अकरा आणि चौदा यांत असा काय मोठा फरक आहे? खोकला तर जवळजवळ थांबलेलाच होता. मी काळजी घेईन की. म्हटलं, वाळला, आण. आणि मग काळजी घेतली, अशी घेतली की कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई म्हणावी तर अशी! खारूचा पेला वेगळा, ताटली वेगळी, चमचा वेगळा. दुपारभर भांडी उकळत होते. टॉवेल उकळला. तिच्या उशीचा अभ्रासुद्धा उकळला. हात भाजला तरी थांबले नाही. आणि संध्याकाळी, दिवे लागले तेव्हा, छातीतून एकच खोकला आला, ओला, खोलवरचा, आणि मी उठून खिडक्या लावल्या. पोरीला वारा लागेल, सर्दी आहे तिला, असं मनाशी म्हटलं. रुमाल उशाशी होता, घडी न मोडलेला.

भांड्यांनी पसरत नाही. हवेने पसरतो. मी भांडी उकळली आणि हवा कोंडून ठेवली. सकाळी त्या कॉलेजच्या मुलीला हे बोलून दाखवावं असं वाटलं होतं, तुझ्या कागदावर याला चौकट आहे का म्हणून. कळतं पण वळत नाही, म्हणतात. पण तेही पुरतं खरं नाही. वळलं होतं, फक्त भलतीकडे. हातांना कोणीतरी दुसरंच शिकवून ठेवलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची असताना आईचा भाऊ आमच्याकडे आठ महिने होता. मामा. मागच्या खोलीत. त्याचा कान तुटलेला कप होता, तो खिळ्याला वेगळा टांगलेला, आणि त्याच्या ताटलीला आम्ही हात लावायचा नाही. आई ताट त्याच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरकायची. त्याला काय झालंय, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही; छातीचं दुखणं आहे म्हणायचे, छातीवर पडला असेल अशी माझी समजूत. तो खोकायला लागला की आई कुठूनही ओरडायची, “खिडकी लाव गं!” मी धावत जायची. मला वाटायचं, मामाला वारा लागू नये म्हणून. मोठी झाल्यावर कळलं, शेजारच्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं आवडतं वाक्य. मामा त्या बंद खोलीत गेला. उन्हाळा होता. आणि त्या खोलीत आठ महिने माझ्या मोठ्या बहिणीची गादी होती, दारालगत, कारण दुसरीकडे जागा नव्हती. बहीण पुढच्या वर्षी आजारी पडली, तिलाही छातीचं दुखणंच झालं. तिचा मात्र कप लगेच वेगळा केला होता.

तर शनिवारी मी खिडकी कोणासाठी लावली? पोरीला सर्दी होती हे खरं. पण माझ्या खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहते, दिवसभर मशीन चालवते आणि संध्याकाळी मशीन थांबलं की तिच्या घरातली भांडी घासलेली मला ऐकू येतात. म्हणजे माझं तिला ऐकू जातं. गेल्या महिन्यात जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली होती, “फार खोकता हो तुम्ही, कोणाला दाखवलंत का?” मी म्हटलं होतं, धुळीची ॲलर्जी आहे. बस, एवढंच. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी खिडकी लावली. शेचाळीस वर्षांची शिकलेली बाई, सगळी उत्तरं बरोबर, आणि मागच्या खोलीतून आईने हाक मारली तशी उठून कडी घालून आले. लाज वाटली मला. ‘लाज’वर खूण करायला हवी होती.

दुपारी एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. फळ्यावरचं दिसत नाही म्हणे. मुलगी उंच स्टुलावर बसली, पाय हलवत, आणि मी दिवा घेऊन पुढे वाकले. तिने आपणहून तोंड पुढे केलं, मुलं करतात तसं, विश्वासाने. माझा हात हवेत राहिला. चौदा दिवस उलटलेत, तोंडावर मास्क आहे, नर्सने जा म्हणून सांगितलंय, सगळं ठाऊक होतं. तरी मी मागे सरले आणि पडदा बाजूला करून दार सताड उघडलं. बाहेरचा उजेड आत आला, आरशातली अक्षरं फिकी पडली. काका यंत्र थांबवून म्हणाले, “अहो, दार का उघडलंत? तिला काय दिसणार आता?” मी म्हटलं, “कोंदट वाटतंय.” “एकवीस वर्षांनी वाटायला लागलं?” काका म्हणाले आणि त्या मुलीची आई हसली. मी कसाबसा नंबर काढला. नंतर काकांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि स्वतःही समोर बसले. “कावीळ उतरली म्हणता, पण चेहरा काही वर येत नाही तुमचा. काय झालंय?” माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगावं, काका, कावीळ नाही, दुसरंच आहे. मग त्यांनी चहाचा कप माझ्याजवळून उचलताना किंचित विचार केला असता, आणि तो विचार मी पाहिला असता. म्हटलं, “झोप नाही झाली.” ते म्हणाले, “लग्न झालेल्यांची होत नाही, तुम्हाला काय झालंय न झोपायला?” त्यांचा हा नेहमीचा विनोद आहे. मी नेहमीसारखी हसले.

घरी आले तेव्हा उजेड होता अजून. चप्पल काढली, पाणी प्यायले, आणि उद्या शनिवार हे कळून पलंगावर बसले. उद्या अठरावा दिवस. आता खारू आली तरी चालण्यासारखं होतं. आता खरोखरच चालण्यासारखं होतं, हा सगळ्यात वाईट भाग. कोणालाही काहीही न सांगता सगळं पूर्वीसारखं करता येत होतं. झालं ते झालं, तिला काही झालं नसेल, इतक्या मुलांना होत नाही. सांगितलं तर काय होईल ते मला नीट दिसत होतं. भावजय वाईट नाही, पण आई आहे. शनिवार संपले असते. नुसते हे सहा महिने नव्हे. माझ्या घराचं दार तिच्या मनात कायमचं लागलं असतं, आणि मी तिला नावं ठेवू शकले नसते. मग शुक्रवारी मी काय आणायचं, कोणासाठी? मला ती पोर हवी होती. कारण-बिरण काही नाही, हवी होती. आणि ती गोळ्या न घेता वाढत होती, हेही मला ठाऊक होतं, रोज, सतरा दिवस.

साडेसहाला फोन वाजला. भावजय.

“ताई, उद्या मी दोनला आणून सोडते हिला. तुमची तब्येत कशी आहे? पिवळेपणा गेला ना?”

“गेला.”

“बरं झालं बाई. आणि हिला जरा तुम्हीच बघा. चार-पाच दिवस झाले, खातच नाही काही. ताट तसंच ठेवते. मी रागावले, लाडीगोडी लावली, काही नाही. म्हटलं, आत्याकडे गेली की खाईल. तुमच्याकडे बरोबर खाते.”

प्रश्नांत होतं ना, लहान मुलांत कसा ओळखाल. खोकला असेलच असं नाही. मी विचारलं, “ताप?”

“नाही हो. अंग कधी कधी कोमट लागतं, पण खेळून आली की लागतंच.”

“खेळते नीट?”

“परवापासून जरा मलूल आहे. हवा बदललीय ना.” मग ती हसली. “ताई, तुम्ही अगदी डॉक्टरांसारखं काय विचारताय?”

हे नुसतं हवेचं असेल. मुलं नाही जेवत चार दिवस. भिंतीवरचं कॅलेंडर समोर होतं, रेघांचं. मी म्हटलं, “उद्या तिला माझ्याकडे आणू नकोस. दवाखान्यात ने. मला टीबी झालाय.”

“काय?”

“टीबी. कावीळ नव्हती. रंगकामही नव्हतं.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. तिने तो बंद केला असणार. मग तिचा आवाज आला, अगदी सावकाश, हॉटेलात गिऱ्हाइकाशी बोलत असल्यासारखा. “कधी कळलं?”

“सतरा दिवस झाले.”

ती मोजत होती. मला ऐकू येत होतं म्हटलं तरी चालेल. सतरातून सहा गेले, अकरा. “म्हणजे गेल्या शनिवारी ही तुमच्याकडे होती तेव्हा...”

‘पक्का रिपोर्ट सोमवारी आला,’ असं म्हणता आलं असतं. चार शब्द होते. नुसते एवढे म्हटले असते तर सगळं तगलं असतं, पोरीला औषध मिळालं असतं आणि मीही राहिले असते, बिचारी आजारी आत्या म्हणून, जिला काही माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी शनिवारसुद्धा परत आले असते. कोणी तपासायला जाणार नव्हतं. ते शब्द माझ्या तोंडात तयार होते आणि फार सोपे होते.

“तेव्हा मला माहीत होतं,” मी म्हटलं.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मागून खारूचा आवाज आला, “आई, आत्या आहे? मला दे ना,” आणि भावजय तिला म्हणाली, “थांब तू.” मग मला म्हणाली, “जवळ घेऊन झोपलात तिला.”

“हो.”

“माहीत असून.”

“हो. मी भांडी वेगळी केली होती.” हे मी का बोलले, देव जाणे. बोलल्यावर मलाच ऐकवेना. “त्याचा उपयोग नसतो. तेही मला माहीत होतं.”

आता ती रडत होती, पण आवाज न करता, पोरीला कळू नये म्हणून. थोड्या वेळाने तिने नाक ओढलं. “काय करायचं असतं?”

मग मी सांगितलं. सकाळी आठला उघडतं. मागच्या बाजूने आत शिरायचं, जिन्याखालची पाचवी खोली. आधी वजन करतील, छातीचा फोटो काढतील, हाताला एक बारीक सुई टोचतील, दुखत नाही फार. काही निघालं नाही तरी लहान आहे म्हणून गोळ्या देतील, होऊ नये म्हणून. आणि निघालं तरी बरं होतं. मुलांचं लवकर बरं होतं. ती लिहून घेत होती. पेन कागदावर फिरल्याचं ऐकू येत होतं. एकदा मध्येच तिने विचारलं, “पाचवी, की पाच नंबरची?” मी म्हटलं, पाच नंबरची. या सगळ्यात तिने मला एकदाही ताई म्हटलं नाही.

“ह्यांना मी फोन करते,” ती म्हणाली. “आणि उद्या तुम्ही तिकडे येऊ नका.”

“नाही येणार.”

“नंतरही...” तिने वाक्य पुरं केलं नाही. मी तिला पुरं करू दिलं असतं.

“एक ऐक,” मी म्हटलं. “सकाळी तिथे फार गर्दी असते. नर्सला आधीच माझं नाव सांग. माझ्यामुळे आहे, शनिवारी माझ्याकडे असायची, असं स्पष्ट सांग. मग लहान मुलांना रांगेत थांबवत नाहीत, लगेच आत घेतात. ती म्हणेल, त्या बाईंनी तर कोणी नाही म्हणून सांगितलं होतं. तर सांग, त्या खोटं बोलल्या म्हणून.”

“सांगते,” भावजय म्हणाली.

तिने फोन लगेच ठेवला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि खारूने अगदी जवळ येऊन विचारलं, “काय म्हणाली आत्या?” भावजय तिला काय सांगते ते ऐकायला मी फोन कानाशी घट्ट धरला, पण तोवर तिने तो बंद केला होता.